सल्ला हवा: मिलिंगचा लिनक्स पीसी पूर्ण बंद होत नाही. शटडाउनचा लॉग पकडायला काय घेऊ? (बजेट १५०० रु.)

अंबडकर_मिलिंग
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. जुन्या मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोलर गेला, तेव्हा त्यावर लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं. पीसी सेकंडहँड, ऑफिसातला असतो तसा. डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), ६.१ चा आरटी कर्नल (सिस्टीमचा गाभा, ठरल्या वेळी काम करणारा रिअल-टाइम प्रकारचा), मोटरना सिग्नल देणारं मेसाचं कार्ड इथरनेटवर. मशीन दिवसभर एकदम चोख चालतं. संध्याकाळी शटडाउन दिलं की पडदा काळा होतो आणि पंखा फिरतच राहतो. शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं.

एवढंच असतं तर चालवून घेतलं असतं. पण यूपीएसला एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडलंय. लाइट गेली आणि बॅटरी उतरत आली की पीसीनं आपोआप बंद व्हावं, अशी सोय केलीय. तो मध्येच अडकला तर ती सोय फुकट जाते आणि बॅटरी तळापर्यंत उतरते.

वाचून एवढं कळलं की सिरियल कन्सोलवर, म्हणजे सिरियल केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर, शेवटपर्यंतचे मेसेज मिळतात. बोर्डावर ‘कॉम१’ लिहिलेला ९ पिनांचा हेडर (सिरियल पोर्टच्या उघड्या पिना) आहे, मागे सॉकेट नाही. लॉग घ्यायला घरचा लॅपटॉप आहे. ब्रॅकेट, केबल, यूएसबी अॅडॉप्टर यातलं नेमकं काय घेऊ आणि नाशकात कुठे मिळेल? सगळं मिळून १५०० च्या आत बसवायचंय.

इन्व्हर्टरवाला
एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदला. आमच्या नाशिक रोडच्या दुकानातला पीसी असाच करायचा, एसएमपीएस बदलला आणि प्रश्न मिटला. चांगल्या कंपनीचा घ्या, ३००० च्या खालचा घेऊच नका. आणि यूपीएस ऑफलाइन प्रकारचा असेल तर तोही बदला, मशीनच्या गाळ्यात ऑनलाइनच हवा.

नाशिक४२२००३
सेकंडहँडच्या भानगडीत पडलात इथेच घोळ आहे. मी गेल्या वर्षी १९,००० ला मिनी पीसी घेतला. आवाज नाही, वीज कमी खातो, बटण दाबलं की लगेच बंद. धंद्याचं मशीन आहे, तिथे पैसे वाचवू नका.

टर्मिनलवाली
काही विकत घेण्याआधी तो कोणत्या टप्प्यावर अडकतो ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

ग्रबमध्ये (बूटच्या सेटिंगमध्ये) ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढा, म्हणजे मेसेज पडद्यावर दिसतील. ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ येऊन सेकंद मोजले जात असतील तर कर्नलचा काही दोष नाही. एखादी सर्व्हिस थांबत नाही एवढंच, आणि सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) तिची मुळात ९० सेकंद वाट बघतं.

ते दिसत नसेल तर सिस्टमडीच्या ‘सिस्टम-शटडाउन’ फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा: रूट (सिस्टीमची मुख्य डिस्क) पुन्हा लिहिण्याजोगं माउंट करायचं, डीमेसेज (कर्नलचे मेसेज) फाइलमध्ये ओतायचं, परत रीड-ओन्ली करायचं. ही स्क्रिप्ट अगदी शेवटी, कर्नलला ‘बंद हो’ सांगायच्या क्षणभर आधी चालते. फाइल पूर्ण लिहिली गेली असेल तर सिस्टमडीचं काम झालं, अडचण त्याच्या पुढे आहे.

अंबडकर_मिलिंग
टर्मिनलवाली ताई, आभार. केलं. स्टॉप जॉबची ओळ येत नाही. स्क्रिप्टची फाइल पूर्ण लिहिली गेलीय, त्यात सगळं अनमाउंट झालेलं दिसतं. म्हणजे पुढेच कुठेतरी.

इन्व्हर्टरवाला
मी पहिल्यांदाच सांगितलं, एसएमपीएस.

कर्नलकट्टा
एसएमपीएस नंतर बघू. आधी पुढचा क्रम समजून घ्या, त्यावरून काय विकत घ्यायचं ते ठरेल.

सिस्टमडी शेवटी रीबूट नावाचा सिस्टम कॉल करतं, त्यात पॉवर-ऑफची आज्ञा असते. मग कर्नल डिव्हाइस_शटडाउन चालवतो. नोंदवलेली सगळी उपकरणं उलट्या क्रमानं, म्हणजे शेवटी आलेलं आधी, एकेक करून घेतो आणि ज्याच्या ड्रायव्हरला शटडाउनचं फंक्शन आहे ते बोलावतो. इथे मुदत नसते. एक ड्रायव्हर लॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या ताब्यासाठी) थांबला की बाकी सगळे त्याच्या मागे थांबले. हे पार पडलं तर ‘रीबूट: पॉवर डाउन’ ही ओळ छापली जाते आणि एसीपीआयच्या (वीज सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) रजिस्टरमध्ये एस५ चा, म्हणजे पूर्ण बंदचा, आकडा लिहून वीज तोडली जाते.

म्हणून दोन शक्यता. ती ओळ येऊनही पंखा फिरतोय, तर बायोस, एसीपीआय किंवा हार्डवेअर (तेव्हा एसएमपीएसचाही विचार करू). ओळच येत नाही, तर कुठलातरी ड्रायव्हर. कोणता, ते बघायला बूट ओळीत ‘इनिटकॉल_डीबग’ आणि ‘इग्नोअर_लॉगलेव्हल’ घाला. प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे ‘शटडाउन’ असं छापून येतं. शेवटचं नाव ज्याचं, त्याच्यावर संशय.

आणखी एक फुकटची चाचणी: डेबियनचा साधा कर्नलही टाका आणि त्यावर शटडाउन करून बघा.

रामकुंडावरून
एवढं कशाला? मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा पडद्याचा. माझ्या लॅपटॉपचा प्रश्न मी असाच पकडला होता.

अंबडकर_मिलिंग
रामकुंडावरून, पडदा काळा होतो तोच नेमका त्या वेळी. व्हिडिओ काढून बघितला, कामाचं काही येत नाही.

कर्नलकट्टा सर, साध्या कर्नलवर पीसी व्यवस्थित बंद होतो. आरटीवर नाही.

कर्नलकट्टा
मग एसएमपीएस निर्दोष. आरटीमध्ये स्पिनलॉकच्या (न झोपता वाट बघायला लावणाऱ्या लॉकच्या) जागी झोपू शकणारे लॉक येतात, थ्रेडचा क्रम बदलतो. साध्या कर्नलवर कधीच न दिसणारी कोंडी तिथे उघडी पडते. लॉग घ्याच.

पेठरोड_पायथॉन
केबल वगैरे नका घेऊ. नेटकन्सोल वापरा, शून्य रुपये. कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून (यूडीपीनं) लॅपटॉपवर येतात, पोर्ट ६६६६. मी घरच्या सर्व्हरला हेच लावलंय, इतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

रामकुंडावरून
नेटकन्सोलला +१. फुकट आहे.

नाशिक४२२००३
मिनी पीसीला दोन लॅन पोर्ट येतात, तिथे नेटकन्सोल सहज होईल.

अंबडकर_मिलिंग
पीसीला एकच लॅन पोर्ट आहे आणि तो मेसाला गेलाय. वायफायवरून जमेल का?

कर्नलकट्टा
नाही, वायफायवर नेटकन्सोल चालत नाही. आणि डिव्हाइस_शटडाउन नेटवर्क कार्डही बंद करतं. ते आधी बंद झालं आणि अडचण त्याच्या पुढे असली, तर तुम्हाला कार्ड बंद होण्यापर्यंतच्याच ओळी मिळतील. इतर क्रॅशसाठी नेटकन्सोल उत्तम आहे, शटडाउनच्या शेवटच्या टोकाला भरवशाचं नाही. पीसीच्या बाजूला यूएसबी सिरियल लावण्यातही तीच अडचण, यूएसबीसुद्धा बंद होतं. बोर्डावरचा खरा कॉम पोर्ट आहे, तोच वापरा.

पेठरोड_पायथॉन
माझ्याकडे शेवटपर्यंत ओळी येतात. कार्डावर अवलंबून आहे.

द्राक्षबाग_दिंडोरी
आमच्या पॅकहाउसच्या वजनकाट्याच्या पीसीला ‘रीबूट=पीसीआय’ लिहिलं आणि काम झालं. नाहीतर ‘एसीपीआय=ऑफ’ करून बघा.

टर्मिनलवाली
दादा, ‘रीबूट=’ हा पर्याय मशीन परत सुरू कसं करायचं ते ठरवतो, वीज तोडण्याशी त्याचा संबंध नाही. तुमचा पीसी रीस्टार्टला अडकत असणार. आणि एसीपीआय बंद केलं तर वीज तोडायचा मार्गच गेला, मग हातानंच बटण दाबायचं.

द्राक्षबाग_दिंडोरी
हो, रीस्टार्टलाच अडकायचा. पण काम झालं हे खरं.

सातपूर_डीएनसी
मूळ प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही, मी सांगतो. सातपूरला सीएनसीच्या डीएनसी (पीसीवरून मशीनला प्रोग्राम पाठवायच्या) केबल बनवण्यात माझं आयुष्य गेलं.

तीन वस्तू. पहिली, हेडरवरून मागे ९ पिनांचा सॉकेट काढणारं ब्रॅकेट. याच्या रिबनचे दोन प्रकार येतात, दिसायला सारखे पण आतल्या पिना वेगळ्या. कुठला बसेल हे दुकानदाराला माहीत नसतं. लावल्यावर मल्टिमीटरनं बघा: सॉकेटची ५ नंबरची पिन पीसीच्या बॉडीशी कंटिन्युइटी दाखवली पाहिजे, आणि पीसी चालू असताना ३ नंबरवर वजा व्होल्टेज पाहिजे, साधारण उणे ५ ते उणे १२. तसं नसेल तर ब्रॅकेट परत करा.

दुसरी, नल-मोडेम केबल. २ आणि ३ उलटसुलट, ५ ला ५. कन्सोलला हँडशेकची गरज नाही, तीन वायरी पुरतात. गाळ्यात जुनी डीएनसी केबल पडली असेल तर ती बहुतेक चालेल, फक्त आधी २-३ तपासा.

तिसरी, लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी ते आरएस२३२ अॅडॉप्टर. इथे नीट ऐका. अर्डुइनोवाले वापरतात ती छोटी टीटीएल बोर्डं घेऊ नका. टीटीएल म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्ट, आणि आरएस२३२ मध्ये उणे-अधिक १२ पर्यंत जातं, वर सिग्नल उलटा. आमच्या एका गिऱ्हाईकाला दुकानदारानं ‘सिरियल म्हणजे सिरियलच’ म्हणून टीटीएल बोर्ड गळ्यात मारलं. जोडल्याबरोबर बोर्ड गेलं, परत घ्यायलाही नकार. ९ पिनांचा डी-आकाराचा कनेक्टर असलेलाच अॅडॉप्टर घ्या, एफटीडीआय चिपचा.

पेठरोड_पायथॉन
सीएच३४० चिपचा १८० रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. एफटीडीआयचे पैसे उगाच.

सातपूर_डीएनसी
डीएनसीवर रात्रभर प्रोग्राम फीड करताना एक अक्षर गळालं तर टूल जॉबमध्ये घुसतो. मी एफटीडीआयच सांगणार.

पेठरोड_पायथॉन
इथे रात्रभर फीड नाहीये, शटडाउनच्या दोनशे ओळी आहेत.

टर्मिनलवाली
११५२०० वेगाला दोन्ही चालतात. आरएस२३२ कनेक्टर असला म्हणजे झालं.

कर्नलकट्टा
सातपूर काकांच्या पोस्टला वाचनखूण. बूट ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ जोडा. अडकल्यावर लगेच बटण दाबू नका. सिस्टीमवर सिसआरक्यू (अडकलेल्या कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) आधीच १ करून ठेवा. लॅपटॉपवरच्या मिनिकॉममधून (सिरियलचे मेसेज दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) कंट्रोल-ए आणि एफ दाबून ब्रेक पाठवा आणि पाच सेकंदांच्या आत ‘डब्ल्यू’ टाइप करा. अडकून पडलेली कामं आणि ती कोणत्या फंक्शनमध्ये थांबलीत ते छापून येतं. ‘ओ’ नका देऊ, तो त्याच रस्त्यानं जाऊन तिथेच अडकतो. शेवटी ‘बी’ दिलंत तर ड्रायव्हरना न विचारता सरळ रीबूट होतो, तोवर डिस्क अनमाउंट झालेलीच असते.

इन्व्हर्टरवाला
सुट्टीच्या दिवशी नाशिक रोडला या, माझ्याकडचा एसएमपीएस लावून बघू. पैसे नकोत.

अंबडकर_मिलिंग
इन्व्हर्टरवाले दादा, मनापासून आभार, पण साध्या कर्नलवर बंद होतोय म्हणून तो भाग सोडलाय.

खरेदी झाली. ब्रॅकेट एमजी रोडवर मिळालं, पहिलं चुकीच्या रिबनचं निघालं, काकांच्या मल्टिमीटरच्या युक्तीनं लगेच कळलं आणि बदलून आणलं. केबल शेजारच्या गाळ्यातल्या जुन्या डीएनसीची. अॅडॉप्टर सीएच३४० चा, आरएस२३२ वाला. सगळं ६०० च्या आत.

लॉग मिळाला. नावं एकेक करून येतात आणि शेवटची ओळ ‘आय९१५ ००००:००:०२.०: शटडाउन’. पुढे काही नाही, ‘पॉवर डाउन’ येतच नाही. ब्रेक देऊन ‘डब्ल्यू’ दिल्यावर ‘सिस्टमडी-शटडाउ’ हेच काम अडकलेलं दिसलं, पीआयडी १. त्याच्या ट्रेसमध्ये खाली डिव्हाइस_शटडाउन, वर आय९१५ ची फंक्शनं आणि टोकाला आरटी म्युटेक्स (तोच झोपू शकणारा लॉक). ग्राफिक्सचाच ड्रायव्हर निघाला, म्हणून पडदा काळा होत होता.

मग ‘नोमोडसेट’ टाकून बूट केलं, म्हणजे आय९१५ चढतच नाही. शटडाउन दिलं, ‘रीबूट: पॉवर डाउन’ आलं आणि पंखा थांबला. परत परत केलं, दर वेळी बंद होतो.

कर्नलकट्टा
छान पकडलंत. पण नोमोडसेट कायमचं ठेवू नका, ग्राफिक्सचं सगळं काम सीपीयूवर येतं. डेबियन १३ वर जा, तिथे ६.१२ आहे. आरटीचा उरलेला भाग त्याच आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला.

टर्मिनलवाली
सहमत. निदान बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठीच्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा आरटी कर्नल घालून बघा.

नाशिक४२२००३
जुनं ग्राफिक्स कार्ड टाका २५०० चं, विषय संपवा. नाहीतर मिनी पीसी आहेच.

सातपूर_डीएनसी
मी पण कार्डच म्हणेन. कंट्रोलरच्या पडद्याला अडखळ नको.

अंबडकर_मिलिंग
सगळ्यांचं वाचलं. कार्ड घेत नाही आणि १३ वरही आत्ता जात नाही. एका पार्टीचे फ्लँज चालू आहेत, त्यांची डिलिव्हरी होईपर्यंत चालत्या मशीनचा कर्नल बदलणार नाही. नोमोडसेटवरच ठेवतोय. लेटन्सी हिस्टोग्राम (किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) जॉब चालू नसताना आणि अॅक्सिसमधला (लिनक्ससीएनसीच्या पडद्यावरचा) प्रिव्ह्यू सतत फिरवताना, असा दोन्ही वेळा घेतला. मेसामुळे माझ्याकडे फक्त १ मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड (मोटरना हुकूम देणारी फेरी) आहे, त्याला धक्का लागत नाही. प्रिव्ह्यू फिरवताना थोडा जड वाटतो, तेवढं चालेल.

यूपीएसचीही परीक्षा घेतली. मशीन डिसेबल करून भिंतीवरचा स्विच बंद केला, बॅटरी उतरत आल्यावर एनयूटीनं शटडाउन दिलं आणि पीसी पूर्ण बंद झाला. पूर्ण लॉग आणि डब्ल्यूचा ट्रेस जोडून बग रिपोर्ट पाठवतोय, तो दुरुस्त झाला की नोमोडसेट काढीन.

ब्रॅकेट, केबल आणि अॅडॉप्टर गाळ्यातच आहेत. नाशकात कुणाला लागले तर व्यनि करा, घेऊन जा.

कर्नलकट्टा
रिपोर्टमध्ये साध्या कर्नलवर अडकत नाही हे पहिल्याच ओळीत लिहा. आणि बायोसची आवृत्तीही द्या, ती विचारतातच.

द्राक्षबाग_दिंडोरी
केबल मला हवी आहे. पॅकहाउसच्या दुसऱ्या पीसीचं शटडाउन अडकतंय. व्यनि केलाय, शनिवारी अंबडला येतो.

सातपूर_डीएनसी
दिंडोरीकर, त्याला मागे कॉम पोर्ट आहे की नुसता हेडर, ते आधी बघून घ्या. हेडर असेल तर मल्टिमीटर बरोबर ठेवा.