कनेक्सिनवरची औषधं: पेशींमधली दारं सरसकट उघडायची का?

रेणुका (धागाकर्ती)

गॅप जंक्शनबद्दल, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांबद्दल, काहीही वाचायला घेतलं की एक विधान हमखास भेटतं: पेशींमधला संवाद तुटला की आजार होतो, म्हणून तो वाढवणारं औषध हवं. मला हे अमान्य आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कनेक्सिन या प्रथिनाचे सहा रेणू कडं करून पेशीच्या पटलात अर्धी नळी उभी करतात. शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला येऊन भिडली की आरपार वाट तयार होते. तिच्यातून आयन आणि साधारण १००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू थेट पलीकडे जातात. माणसात कनेक्सिनची वीसेक जनुकं आहेत. नावापुढचा आकडा म्हणजे किलोडाल्टनमधलं वजन.

अडचण अशी की या वाटेवरून काय जातंय, ते भलं की बुरं, याची पारख वाट करत नाही. हृदयात कनेक्सिन ४३ मुळे विजेची लहर पेशीतून पेशीत धावते आणि ठोका एकसंध पडतो. उंदरांच्या फक्त हृदयस्नायूतून ते काढलं, तर दोनेक महिन्यांत ठोके बेताल होऊन उंदीर अचानक मरतात. पण झटका आल्यावर मरू घातलेल्या पेशीतला बिघाडही याच वाटेने धडधाकट शेजारणीकडे पोचू शकतो. वाटा जोडलेल्या राहाव्यात म्हणून तयार केलेलं डानेगॅप्टाइड अँजिओप्लास्टीच्या वेळी देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला: हृदयाची हानी कमी झाली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सरसकट उघडणारी किंवा बंद करणारी औषधं सोडा आणि सगळी ताकद जनुकदुरुस्तीकडे वळवा.

वैद्य_सावंत

एका चाचणीवरून दार लावून घेऊ नका. अँजिओप्लास्टीने मुळातच बराच स्नायू वाचत असताना वरून दिलेल्या औषधाला करून दाखवायला जागा किती उरते?

माझा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. कनेक्सिन ४३ चं अर्धायुष्य काही तासांचंच असतं. पेशी ते सतत बनवते आणि मोडते. प्रसूती जवळ आली की गर्भाशयाच्या स्नायूत ते झपाट्याने वाढतं, म्हणून सगळा स्नायू एकदम आकुंचन पावतो. शरीर स्वतःच हवं तेव्हा दारं वाढवतं आणि काम झालं की घटवतं. मग ठराविक वेळेपुरतं तेच काम औषधाने करण्यात तत्त्वतः चूक काय?

आणि चाचण्याच बोलायच्या तर या वाटा अडवणाऱ्या टोनाबर्सॅटचीही सांगा. अर्धशिशीच्या रुग्णांवरच्या २००९ च्या छोट्या चाचणीत ऑरा (डोळ्यांपुढे चमका दिसणं वगैरे पूर्वलक्षणं) असलेले झटके घटले. ऑरा नसलेल्या डोकेदुखीवर मात्र परिणाम दिसला नाही. याचा अर्थ रुग्ण नीट निवडा. औषधाचा नाद सोडा, असा होत नाही.

अक्षय_जीव

मी कर्करोगावर शिकतोय. रेणुकाताईंचं निदान मला पटतं, उपाय पटत नाही.

१९६६ मध्ये लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी दाखवलं की यकृताच्या कर्करोगपेशींत हा संवादच नसतो. तेव्हापासून कनेक्सिनला अर्बुद (कर्करोगाची गाठ) रोखणारं प्रथिन म्हणायची रीत पडली. पण २०१६ चं काम वाचा. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगपेशी मेंदूत पोचल्यावर कनेक्सिन ४३ वापरून चेतापेशींना आधार देणाऱ्या तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींशी वाट जोडतात आणि तिच्यातून सीजीएएमपी हा रेणू पलीकडे सारतात. अ‍ॅस्ट्रोसाइटना तो धोक्याचा इशारा वाटतो. त्या जे रेणू सोडतात त्यांच्यावरच अर्बुद तगतं, औषधांनाही दाद देत नाही. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. शेजारधर्माचा इतका नेमका गैरफायदा!

त्याच कामात मेक्लोफेनामेट आणि टोनाबर्सॅटने ही वाट अडवल्यावर उंदरांमधली वाढ रोखली गेली. इथे कोणतं जनुक दुरुस्त करणार? अ‍ॅस्ट्रोसाइटचं जनुक ठणठणीत आहे. अडवणारं औषधच लागेल.

रेणुका

अक्षय, हा मुद्दा मान्य. "सगळी ताकद" हे शब्द मी मागे घेते. पण "संवाद" या शब्दाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. चार्को-मारी-टूथ या हातापायांच्या मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार कनेक्सिन ३२ च्या बिघाडाने होतो, हे १९९३ पासून माहीत आहे. तिथे ही वाट दोन पेशींमध्ये नसतेच. श्वान पेशी मज्जातंतूभोवती जे वेढे घेते, त्या एकाच पेशीच्या थरांमधला तो आडमार्ग असतो. मग संवाद कुणाचा कुणाशी?

कनेक्सिन २६ चं पाहा. काही उत्परिवर्तनांत नळी तयारच होत नाही आणि मूल फक्त कर्णबधिर जन्मतं. काहींत अर्ध्या नळ्या गळक्या राहतात आणि कानासोबत त्वचा व बुबुळही बिघडतं. पहिल्या मुलाला निरोगी जनुक हवं, दुसऱ्यात बिघडलेलं गप्प करायला हवं. म्हणून म्हणते, जनुक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीरेचीआई

कनेक्सिन २६ चा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, कारण तेच जनुक.

रेणुकाताई, जनुकदुरुस्तीची वाट मीही बघते. पण उंदरांवरच्या प्रयोगांत हे प्रथिन कानाच्या घडणीच्या काळातच नसेल, तर कॉक्लियाची (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाची) आतली रचना नीट उभी राहत नाही. तो काळ गेल्यावर जनुक आणून काय करायचं? पोटॅशियमचं चक्र अडतं म्हणून बहिरेपणा येतो, हे जुनं स्पष्टीकरणही आता पुरेसं मानलं जात नाही. मीराला आधार कॉक्लिअर इम्प्लांटने, म्हणजे श्रवणतंतूला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राने दिला. या प्रकारात श्रवणतंतू सहसा शाबूत असतो, त्यामुळे त्याचा उपयोग चांगला होतो. उद्याच्या उपचाराच्या भरवशावर कुणी आज इम्प्लांट लांबवू नये.

मात्र जनुक आधी पाहा, यावर मी तुमच्या बाजूने आहे. "घरात कुणी बहिरं नाही, मग आनुवंशिक कसं असेल?" असं म्हणून आम्हाला एका ठिकाणाहून परत पाठवलं होतं. आम्ही दोघंही वाहक निघालो. दोघांनाही छान ऐकू येतं, आणि प्रत्येक गर्भारपणात मूल कर्णबधिर असण्याची चारात एक शक्यता. हे आम्हाला कळलं तेव्हा मीरा तीन वर्षांची होती.

वैद्य_सावंत

मीराच्या आई, तुम्हाला परत पाठवायला नको होतं. हा दोष अप्रभावी असतो, म्हणजे आई-वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच दिसतो, त्यामुळे घराण्यात आधी कुणी नसणं हेच बहुतेकदा दिसतं. औषधांबद्दलचं माझं म्हणणं बदललेलं नाही, पण जन्मतः कर्णबधिर मुलाची ही तपासणी पहिल्या काही महिन्यांतच व्हावी, यावर माझा रेणुकाताईंशी वाद नाही.