प्रति: थ्री-फेजसाठी लोड किती धरायचा?

घराच्या थ्री-फेज (तीन जिवंत तारांच्या) वीजजोडणीसाठी लोड, म्हणजे भार, किती धरायचा असं तुम्ही विचारलंत. सगळ्या उपकरणांवरचे वॅट जोडून तुम्ही २२ किलोवॅट काढलेत, तो झाला जोडलेला भार. मागणी म्हणजे एका वेळी खरोखर चालणारा भार. गीझर, ओव्हन, इस्त्री क्वचितच एकत्र चालतात, त्यामुळे त्यांना सवलत द्या, म्हणजे त्यांचा पूर्ण भार न धरता काही भागच धरा. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला मात्र देऊ नका, तो तासन् तास पूर्ण भार ओढतो.

समजा मागणी १४ किलोवॅट आली. दोन फेजमधले ४०० व्होल्ट आणि ०.९ पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरून, थ्री-फेजच्या सूत्रातला १.७३२ (३ चं वर्गमूळ) घेऊन १४००० ÷ (१.७३२ × ४०० × ०.९), म्हणजे साधारण २२.५ अँपिअर. इथेच बरेच जण फसतात! हा आकडा तिन्ही फेजवर भार समान असेल तरच खरा. तुमचा ७.४ किलोवॅटचा चार्जर सिंगल-फेज असेल तर २३० व्होल्टला तो एकटाच एका फेजवर ३२ अँपिअर घेईल. म्हणून प्रत्येक फेजची बेरीज वेगळी मांडा आणि सर्वांत जड फेजवरून मेन स्विच ठरवा. चार्जर अजून घेतला नसेल तर ११ किलोवॅटचा थ्री-फेज बघा, प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच येतात.

पंपाची मोटर थेट सुरू होताना सहा-सात पट करंट घेते, पण काही क्षणच. त्यासाठी लोड वाढवू नका, एमसीबी (जादा करंट आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) योग्य प्रकारची घ्या.