सहा इंची कुंडीचं शिंकं: दोरी पुरत नाही, कुंडी कलते

बाल्कनीवाली
३ मिमी सुती पीळदार दोरीचं मॅक्रमे (गाठींच्या विणीचं) शिंकं करतेय. वरच्या कड्यातून खाली येणारे ४ हात, प्रत्येक हाताला ४ दोऱ्या. मातीची कुंडी, तोंडाला ६ इंच. सगळ्या दोऱ्या अर्ध्यावर दुमडून घेतल्या, तर मधल्या दोन उरतात आणि बाहेरच्या दोन जाळीपर्यंतही पुरत नाहीत. सपाट पट्टी हवी असताना मधेच पीळ पडतो. कुंडी टांगली की एका बाजूला कलते. शिवाय बाल्कनी पश्चिमेची, पावसाचा मारा थेट आत. सूत टिकेल का?

गाठीभेटी
अर्ध्यावर दुमडता तिथेच गणित चुकतं. पट्टीच्या चौकोनी गाठीत मधल्या दोघी नुसत्या सरळ उतरतात. गाठ मारतात बाहेरच्या दोघी, आणि त्या पट्टीच्या साधारण चौपट लांबी खातात. २० सेंमी पट्टीला प्रत्येकी ८० सेंमी गेलेच.

३ मीटरचे ८ तुकडे कापा. कड्यात ओवताना एक टोक १.२० मीटर आणि दुसरं १.८० मीटर ठेवा. हाताला दोन तुकडे, आखूड टोकं आत, लांब बाहेर. सगळ्या दोऱ्या एकत्र आवळणाऱ्या वरच्या आणि खालच्या वेढ्यांसाठी १ मीटरचे दोन तुकडे वेगळे. झाले २६ मीटर, ३० आणा. यात २० सेंमी पट्टी, २० सेंमी मोकळ्या दोऱ्या, जाळी आणि २० सेंमी गोंडा बसतो. पट्टी १० सेंमीने वाढवायची तर लांब टोक ४० सेंमी वाढवा, आखूड फक्त १०.

कड्याखालचे वेढे आधी आणि करकचून, नाहीतर दोऱ्या कड्यावरून सरकतात आणि आखूड-लांब सगळं एक होतं. तुकडा दुमडून दोऱ्यांवर असा ठेवा की वाकलेली बाजू खाली आणि आखूड शेपूट वर राहील. लांब टोकाने वरून खाली १० वेढे द्या, टोक खालच्या फासातून घाला, मग वरचं शेपूट ओढा. फास वेढ्यांच्या मधोमध शिरला की थांबा. जास्त ओढलं तर फास वरून बाहेर येतो आणि सगळं सुटतं. उरलेली शेपटं वेढ्यांना लागून कापा.

पीळ पडतो कारण तुम्ही दर वेळी डावीकडूनच सुरुवात करता. बाहेरच्या दोघींपैकी एकीच्या टोकाला रंगीत दोरा बांधा. ती डावीकडे असो की उजवीकडे, मधल्या दोघींच्या पुढूनच जाईल. दुसरी कायम मागून येऊन पहिलीच्या फासातून वर निघेल. एवढं पाळलं की पट्टी सपाटच येते.

तागाची_सुतळी
कलण्याबद्दल. डोळ्यांच्या अंदाजाने गाठी मारल्या की चार हातांत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतोच. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक २० सेंमीची आणि एक साडेनऊ सेंमीची. मोकळ्या दोऱ्यांमागे पहिली ठेवून जाळीच्या पहिल्या ओळीची गाठ मारा. मग शेजारच्या दोन हातांतल्या दोन-दोन दोऱ्या घेऊन साडेनऊ सेंमीवर दुसरी ओळ. इथे आखूड दोऱ्या बाहेर येतात, गाठ त्यांनीच मारायची, पुरतात. तिथून खाली ८ सेंमी सोडून सगळ्या दोऱ्या एकत्र, पण लगेच पक्कं करू नका. आधी साध्या दोऱ्याने बांधा, कुंडी आत ठेवून टांगा, चारी बाजूंनी बघा, मगच वेढे. पहिली ओळ काठाच्या दोन-तीन सेंमी खाली यायला हवी. काठाच्या वर गेली तर जाळी कुंडीला धरतच नाही. आणि ८ ऐवजी १२ सेंमी सोडले की कुंडी खाली घसरून डुलते.

पागोळी
उघड्या पावसात सूत नको. कुंडीतलं पाणी खालच्या वेढ्यात साचतं, दोरी आधी तिथे काळी पडते आणि तिथेच कुजते. सुतीच हवं असेल तर बिनभोकाच्या बाहेरच्या कुंडीत आतली कुंडी ठेवा आणि आतली काढून पाणी घाला. तागाचं तर नावच काढू नका, बाल्कनीत ताग सुतापेक्षाही लवकर जातो.

पावसाला पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकची दोरी) बरं, पाणी पीत नाही. नायलॉन ओलं झालं की ताणतं, त्यामुळे शिंकं लांबतं. मात्र दोन्ही गुळगुळीत, गाठ सरकते. वेढे १० ऐवजी १५ द्या, त्या तुकड्याला दीड मीटर धरा आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून दाबा (सुती टोकं वितळत नाहीत, जळतात, तिथे फेव्हिकॉल). पश्चिमेच्या उन्हात पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं. वर्षाने नख घासून बघा, भुकटी निघाली तर शिंकं उतरवा. कडं स्टेनलेस स्टीलचं घ्या, साधं लोखंडी गंजून दोरीवर तांबूस डाग पाडतं.

बाल्कनीवाली
धन्यवाद. चारऐवजी तीनच हात चालतील का? आणि हूक स्लॅबला की ग्रिलला?

तागाची_सुतळी
तीन हात पटकन समतोल साधतात, पण जाळीची भोकं मोठी होतात. ४ इंची कुंडीला तीन, सहाला चार.

गाठीभेटी
पाणी घातल्यावर कुंडी काट्यावर ठेवा, मातीची सहा इंची सहज ३ किलोच्या वर जाते. फॉल्स सीलिंगच्या पत्र्यात हूक नको, वर स्लॅबमध्येच. प्लास्टिकचा प्लग सरळ खाली ओढ बसली की निसटतो. काँक्रीटमध्ये फुगणारा धातूचा फास्टनर घ्या. शिंकं तुटलं तर इथे बोक्याचंही फावणार नाही, फक्त फरशी फुटेल. ग्रिल चालेल, पण दोरी थेट पट्टीला बांधू नका. धारेवर घासून कातरते, मधे एस आकाराचा हूक घाला.