रेवाल चालणारा मारवाडी घोडा एंड्युरन्सला (लांब पल्ल्याच्या घोडेस्वारी स्पर्धेला) उतरवायचाय, 40 किमीसाठी तयारी कशी?

तापीकाठ
घोडा मारवाडी, 7 वर्षांचा, 61 इंची, सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेला. रेवाल (एका बाजूचे पाय जोडीने टाकायची चाल) एकदम गुळगुळीत, पण दुडकी (तिरपे पाय जोडीने टाकायची धाव) जवळजवळ नाहीच, वेग वाढवला की थेट भरधाव सुटतो. आजवर वरातीत आणि चालीच्या स्पर्धेत होता. 40 किमीच्या फेरीत उतरवायचा आहे. दुडकी शिकवली तर रेवाल बिघडेल का? आणि तयारीला किती वेळ धरू?

स्वार_पुणे
रेवाल बिघडत नाही, फक्त दोन्ही चालींचे इशारे वेगळे ठेवा. रेवालला बैठक खोल, लगामाला हलका संपर्क. दुडकीला बैठक हलकी, लगाम सैल, मान पुढे-खाली जाऊ द्यायची. दोन्हींना एकच इशारा दिला की घोडा मधलीच खिचडी चाल काढतो, आणि ती ना स्वाराला सोसते ना घोड्याला.

दुडकी लागते ती मुख्यतः तपासणीसाठी. व्हेट गेटवर (स्पर्धेतल्या पशुवैद्यकीय तपासणीच्या टप्प्यावर) घोडा सैल दोरीवर धावून दाखवावा लागतो. दुडकीत तिरपी जोडी एकदम पडते, त्यामुळे लंगडणं डोक्याच्या हेलकाव्यावरून लगेच कळतं. रेवालमध्ये ते लपतं, उलट चाल सम नसली तर निरोगी घोड्यावरही शंका येते. म्हणून आधी हातात धरून शिकवा: जमिनीवर 4 बांबू, साधारण 1.2 मीटर अंतराने, वरून धाव. एका बाजूचे पाय जोडीने टाकणाऱ्याला बांबूंवर ती लय जमत नाही, म्हणून तो आपोआप तिरपी जोडी शोधतो. बांबूला पाय लागत राहिले तर अंतर थोडं बदलून बघा. हलका चढही मदत करतो. उतारावर मात्र सुरुवातीला नको.

काटेरी लगाम काढा, साधा स्नॅफल (तोंडात राहणारी गुळगुळीत, जोडाची सळी) लावा. तोंड दुखलं की घोडा मान वर करून पाठ पोकळ करतो, आणि तशा पाठीवर 40 किमी म्हणजे कंबर गेलीच म्हणून समजा.

नालबंद
खोगीर बघितलं का? रेवालमध्ये खांदा जास्त फिरतो. खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं जागा सोडूनच खोगीर बसवा. मारवाडीची खांद्यावरची उंचवट उभी असते, तिथे स्वार बसल्यावरही दोन बोटं आत जायला हवीत. राइड झाल्यावर घामाचा ठसा बघा: सगळीकडे ओलं आणि मधे एखादा कोरडा ठिपका दिसला, तर बहुधा तिथे दाब पडतोय.

चालीसाठी जड नाल ठोकून पुढचा खूर लांब ठेवायची सवय आपल्याकडे काहींना असते. लांब पल्ल्यात ते नडतं. खूर उशिरा उचलला जातो, नसांवर ताण येतो आणि मागचा पाय पुढच्या नालेवर आदळतो. हलकी नाल घ्या, 5-6 आठवड्यांनी बदला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ठोकू नका, आठ-दहा दिवस आधी ठोका.

तापीकाठ
भाऊ, मोलाची माहिती. हृदयाचे ठोके आणि खुराकाचं काय?

पशुवैद्य_खानदेश
वरातीचा घोडा हळू चालण्यात पक्का असतो, पण त्याचा दम वेगळा. किमान 3-4 महिने धरा. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस 8-10 किमी चाल आणि थोडी धाव. मग अंतर किंवा वेग, दोन्हींपैकी एकच वाढवा. फेरीत चाली बदलत राहा. एकाच चालीत तास काढला की तेच स्नायू थकतात.

तपासणीत ठोके साधारण मिनिटाला 64 किंवा त्याहून कमी व्हावे लागतात. किती मिनिटांत, ते आयोजकांच्या नियमात बघा. घरी अशी चाचणी घ्या: ठोके मोजा, 40 मीटर धावत जाऊन परत आणा, धाव सुरू केल्यापासून एका मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा 4 किंवा त्याहून जास्तने वर असेल तर घोडा थकलाय किंवा कुठेतरी दुखतंय. त्या दिवशी थांबा.

विश्रांतीच्या दिवशी हरभरा-जव निम्म्यावर आणा, चारा तेवढाच राहू द्या. काम बंद आणि खुराक पूर्ण असला की दुसऱ्या दिवशी कंबर आखडते, लघवी गडद तपकिरी होते. अशा वेळी घोड्याला चालवू नका. जागेवरच उभा ठेवून डॉक्टर बोलवा. रोज 30 ग्रॅमच्या आसपास साधं मीठ, आणि पाणी कायम समोर.

हवेचं गणित लक्षात ठेवा: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी, बेरीज 150 च्या वर गेली तर वेग कमी. 180 च्या वर जीन चढवूच नका. पावसाळ्यातल्या दुपारी आपल्याकडे 150 सहज पार होतो, त्यामुळे तेव्हाचा सराव पहाटेच उरकायचा.