कलिंगयुद्धाचा लेख धौलीत का नाही?

प्रश्न: भुवनेश्वरजवळच्या धौलीला जाऊन आलो. खडकातला हत्ती डोळे भरून पाहिला. पण अशोकाचा कलिंगयुद्धाबद्दलचा तेरावा शिलालेख तिथे नाही?

उत्तर: नाही. १ लाख माणसं मारली, दीड लाख पकडून दूर नेली, हा पश्चात्ताप शाहबाजगढी (आजच्या पाकिस्तानात), कालसी (उत्तराखंड) अशा लांबच्या ठिकाणी कोरलाय. धौली आणि जौगड (तेही ओडिशातच) म्हणजे खुद्द कलिंगात; तिथे त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत: ‘सवे मुनिसे पजा ममा’, सगळी माणसं माझी लेकरं. ज्यांची घरं उजाडली त्यांना मेलेल्यांचे आकडे कुठल्या तोंडाने वाचून दाखवणार? मला तरी हेच कारण वाटतं.

दुसरं उत्तर: आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या आठव्या-नवव्या लेखांचे तुकडे सापडलेत. आठव्यात शिकारीच्या सहली बंद करून धर्मयात्रा सुरू केल्याचं आहे.

प्रश्नकर्ता: सोपारा तर माझं आजोळ! रविवारीच जातो.