प्रतिसाद: बुडालेली खाण आणि आजूबाजूच्या विहिरी

बुडालेल्या कोळसा खाणीचं आम्लयुक्त पाणी आजूबाजूच्या विहिरी खराब करतं, ही भीती वरच्या पोस्टमध्ये रेडीच्या (सिंधुदुर्ग) लोहखनिजाच्या खाणीलाही लावली आहे, ती जशीच्या तशी लागू होत नाही. कोळशासोबत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतो. खाणीतल्या पाण्याचा उपसा चालू असताना त्याला हवा लागते, भिंतींवर सल्फेटचे क्षार धरतात. पंप बंद पडले की चढणारं पाणी ते विरघळवतं, म्हणून सुरुवातीची वर्षं सर्वांत वाईट. पूर्ण बुडाल्यावर हवा तुटते आणि आम्ल बनणं मंदावतं. पातळी सतत वरखाली होणारी अर्धवट बुडालेली खाण जास्त छळते. खडकात चुना असेल तर पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) ठीक दिसतो, पण सल्फेट आणि कठीणपणा वाढलेला असतो. नुसत्या पीएचवर जाऊ नका.

आपल्या कोकणातल्या जांभ्यात पायराइट जवळपास नसतोच. इथे पाहायचं ते लोह, मँगनीज आणि किनाऱ्याजवळ फार उपसा केल्यास आत येणारं खारं पाणी.

उपसताना नितळ असलेलं पाणी कळशीत ठेवल्यावर तांबूस झालं तर विरघळलेलं लोह समजा. पीएच विहिरीवरच मोजा. लोहाचा नमुना वेगळ्या बाटलीत, जागेवरच गाळून, नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली आणून द्या. नाहीतर लोह तळाला बसतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. सल्फेटची बाटली मात्र बिनआम्लाची. पिण्यासाठी सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, मँगनीजची 0.1.