मदत हवी आहे: जुन्या माळेतले लाल मणी पोवळं, हकीक की काच? आणि परत ओवायचे कसे?

काळीमाती (ता. दारव्हा, जि. यवतमाळ):
घरातल्या जुन्या लाल माळेचा दोरा कुजला आहे. सुटे मणी ६४, बहुतेक गोल, साधारण ६ मिमीचे. काही शेंदरी आणि अपारदर्शक, काही विटकरी आणि उजेडात धरले की आरपार उजळणारे, काही एकसारखे गडद लाल. एका सोनारांनी सगळे पोवळं सांगितलं, दुसऱ्यांनी सगळी काच. घरच्या घरी मण्यांना धक्का न लावता ओळखता येईल का? ओवायला कोणता दोरा घ्यावा? आणखी एक, आमच्या नाल्यात पावसाळ्यानंतर तांबूस-पिवळे गुळगुळीत खडे दिसतात. त्यांचे मणी होतात का?

पांदण:
ताई, सगळे मणी एकाच जातीचे आहेत असं धरून चालू नका. माळ तुटली, मणी हरवले की मिळेल त्या लाल मण्यांनी जागा भरून काढतात. आणि एवढ्यात एकही मणी धुऊ नका. वेजातला (मण्याच्या भोकातला) मळ, तिथे साचलेला रंग, कडेची टवकी, ओळख यांवरूनच पटते.

घड्याळवाल्यांकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं, १०पट मिळालं तर उत्तम. मणी उभा धरा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि आधी वेज पाहा, रंग नंतर.

हकीक म्हणजे कार्नेलियन. हा कठीण दगड, म्हणून वेज दोन्ही टोकांकडून पाडतात आणि मध्ये जुळवतात. जुळणी क्वचितच नेमकी बसते. बारीक सुई सरकवली तर मध्यावर किंचित अडते, ती पायरी बोटाला कळते. कडेला टवका उडालेला असेल तर तो भाग मेणचट, मंद चमकेचा दिसतो. आतला रंग ढगासारखा कमीजास्त असतो.

काचमणी बहुधा लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळून केलेला असतो. त्याच्या वेजाची कड वितळून गोल झालेली, भोवती फिरणाऱ्या बारीक रेषा आणि आत हवेचे बुडबुडे. टवक्याची चमक लखलखीत, बाटलीच्या फुटक्या काचेसारखी.

पोवळ्यातून उजेड फारसा जात नाही. पृष्ठभागावर अगदी बारीक, जवळजवळ समांतर रेषा दिसतात. रेषा जाड, खाचांसारख्या असतील आणि रंग वेजाच्या तोंडाशी व चिरांत गडद साचला असेल तर ते रंगवलेलं बांबू कोरल (पोवळ्याचीच एक फिकी, हलकी जात) समजा. टवक्याखाली पांढरं दिसलं तर शंकाच नको. मंगळाचं पोवळं म्हणून आठवडी बाजारात हेच खपतं, म्हणून नवीन घेताना तर हे पाहिलंच पाहिजे.

तोळामासा:
पांदणभाऊंनी सांगितलं त्याला वजनाची जोड द्या. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. एका गटाचे २० मणी पातळ दोऱ्यात ओवून कोरडं वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, आणि मणी दोऱ्याने पाण्यात असे लोंबकळत धरा की तळाला, काठाला लागणार नाहीत. बुडबुडे चिकटले तर हलवून काढा, नाहीतर उत्तर चुकतं. आता दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरडं ५.७२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २.२० आला तर भागाकार २.६.

पण इथेच लोक फसतात. हकीक साधारण २.६, पोवळं २.६ ते २.७ आणि साधी काच २.५च्या आसपास. हे तिन्ही वजनाने वेगळे काढता येत नाहीत. वजनाचा उपयोग प्लास्टिक (१.१ ते १.४) आणि गार्नेट (गडद लाल रत्नखडा) बाजूला काढायला. गडद लाल गटाचा भागाकार ४च्या पुढे आला तर अल्मंडाइन गार्नेट समजा. खात्रीसाठी तो मणी थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात तरंगवा आणि जुन्या हार्डडिस्कमधलं जोरदार चुंबक जवळ न्या. तुकडा चुंबकाकडे सरकतो. हकीक किंवा पोवळ्याने असं होत नाही.

पोवळं पक्कं करायला टाचणीच्या टोकाएवढा व्हिनेगरचा थेंब वेजाच्या आतल्या कडेला लावा आणि भिंगातून पाहा. बारीक फेस आला की तो चुन्याचा पदार्थ. लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पॉलिश जातं. फेस रंगवलेल्या बांबू कोरललाही येतो, म्हणून नंतर अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायच्या द्रावणात) भिजवलेला कापूस एकाच मण्यावर घासा. कापूस गुलाबी झाला तर रंगवलेलं. न झाला तरी रंगवलेलं नाही असं ठरत नाही, काही रंगांवर वरून लेप असतो. प्लास्टिकची शंका असलेल्या मण्याला अ‍ॅसिटोन लावू नका, ते विरघळतं.

सोनारांकडे न्याल तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगा: ही माळ तेजाबात घालायची नाही. पोवळं तिथे खाल्लं जातं आणि परत येत नाही.

काळीमाती:
दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. ४१ मण्यांत सुई मध्यावर अडते आणि ढगाळ रंग आहे. १४ शेंदरी मण्यांना फेस आला, कापूस स्वच्छ राहिला, रेषा बारीक आहेत. उरलेल्या ९ मध्ये बुडबुडे आहेत. प्लास्टिक किंवा गार्नेट एकही नाही. नाल्यातल्या खड्यांचं कोणी सांगेल का?

गारगोटी:
ताई, तुमचा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक (हकीक याच जातीचा दगड) तयार होतात आणि दगड झिजला की नाल्यात येतात. खडा पाण्यात भिजवून टॉर्चवर धरा. उजेड पाझरला आणि पिवळट-तपकिरी झाक असली तर कामाचा. ती झाक लोहाची, तापवल्यावर लाल होते. नुसता करडा-पांढरा खडा कितीही तापवला तरी लाल होणार नाही.

तापवण्याची रीत गुजरातेतल्या खंबातच्या कारागिरांची. खडे आधी बरेच आठवडे उन्हात उलटसुलट करत वाळवायचे, कारण आत ओल राहिली तर वाफेने तडकतात. मग मातीच्या मडक्यात घालून मडकं पालथं करायचं आणि भोवती गोवऱ्यांचा मंद जाळ. जाळ विझल्यावर मडकं आपोआप थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. लोक घाईत उघडतात आणि खड्याला जाळीसारख्या चिरा पडतात. घरी करायचं तर खडे कोरड्या रेतीत पुरून तापवा, उष्णता सारखी पोचते.

वेज पाडायला १ मिमीचं डायमंड बिट, खडा प्लास्टरमध्ये पक्का बसवलेला आणि वर सतत पाणी. दाब हलका ठेवा, दर काही सेकंदांनी बिट वर घ्या म्हणजे गाळ बाहेर येतो. मध्यापर्यंत गेलात की उलटा करून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार काढलं तर बाहेर पडताना टवका उडतोच. कोरडं कधीच पाडू नका. या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात, खंबातच्या अकीक कामगारांत सिलिकोसिस त्यामुळेच आहे. पाणी आणि वीज जवळ असल्याने बॅटरीवरचं यंत्र बरं.

आणि कळकळीची विनंती: शेतात मोठ्या दगडांचं गोल कडं दिसलं तर तिथला मणी उचलू नका. नागपूरजवळच्या माहुरझरीत अशा शिळावर्तुळांत हजारो वर्षांपूर्वीचे हकीकमणी मिळाले आहेत. जागेवरून हललेल्या मण्यातून अभ्यासकाला काही वाचता येत नाही. असं काही दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवा.

पांदण:
आता ओवण्याचं. हकीकाची कठीणता मोहस मोजपट्टीवर (१ ते १०) ६.५ ते ७, काचेची साडेपाचच्या आसपास, पोवळ्याची ३ ते ४. शेजारी शेजारी घासले की हकीक पोवळ्याला खातो. म्हणून पोवळी एकत्र, मध्यभागी ठेवा, त्यांच्या दोन्ही बाजूंना काचमणी आणि मग हकीक. प्रत्येक मण्यामध्ये गाठ हवीच.

६४ मण्यांचे सुमारे ३८ सेंमी, गाठींचे ६, म्हणजे माळ ४५ सेंमीच्या आसपास. दुहेरी ओवायला २ मीटर गुंफायचं रेशीम घ्या, त्यावर मधमाशीचं मेण फिरवा. रेशीम पहिल्यांदा कापलं जातं ते हकीकाच्या वेजाच्या धारदार कडेने. ओवण्याआधी ओल्या डायमंड कानशीने ती कड दोन-तीन हलके फेरे देऊन मारा, पण पोवळ्याला कानस लावू नका. गाठ मण्याला टेकवून घट्ट करायला सुईचं टोक गाठीत ठेवा आणि गाठ सरकवत न्या. वेज मोठं असून गाठ आत शिरत असेल तर त्या जागी दुहेरी गाठ. तालुक्याला पटवेकरी (दागिने ओवून देणारे) असतील तर हे सगळं त्यांना एकदा सांगून द्या. ते गोंड्यासकट नीट करतील, फक्त नायलॉनचा दोरा नको म्हणावं, तो ताणला जाऊन मण्यांमध्ये फट पडते.